घरच्या सहलीचं टाचण : लहानग्यांना घेऊन चार दिवस मुंबई



परीक्षा संपत आल्या की शाळेच्या फाटकाशी बोलणं सुरू होतं, "मॅडम, यंदा पोरांना मुंबई दाखवायची म्हणतोय." दुसरी-तिसरीतल्या मुलासाठी मुंबई म्हणजे मोठीच पर्वणी. पण बहुतेक घरांत त्या मुलाच्या पाठीमागे एखादं दीड-दोन वर्षांचं शेंडेफळ असतं. सहल ठरते थोरल्याच्या हौसेनं आणि चालते मात्र धाकट्याच्या तब्येतीनं. म्हणून आजचा लेख साधारण एक ते चार वर्षांच्या मुलांना घेऊन शहरात जाणाऱ्या घरांसाठी आहे. उदाहरणाला मुंबई घेतली, कारण आमच्या सातारा-सांगलीकडून सुट्टीत लोक पहिल्यांदा तिकडेच जातात. तुम्ही पुणे, नागपूर, हैदराबाद कुठेही जा, टाचण असंच काढायचं.

हो, टाचणच! पाठ घ्यायचा तर आपण आधी टाचण काढतो. शाळेची सहल न्यायची तर संमतीपत्र, गट, हजेरी, प्रथमोपचार पेटी सगळं कागदावर असतं. मग घरची सहल निघते तेव्हा नुसत्या बॅगा भरून का निघायचं?

यादी आधी कापा

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी यादी तुम्हाला पाठ असेल. गेटवे, घारापुरी, राणीची बाग, म्हातारीचा बूट, तारांगण, म्युझियम, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, जुहू, आणि हे सगळं दोन दिवसांत! ही यादी मोठ्यांनी मोठ्यांसाठी केलेली आहे.

आता लहान मुलाचा दिवस मोजू या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत एक-दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप सांगितली आहे. दुपारची झोप त्यातच आली. म्हणजे दोन वर्षांचं मूल दिवसाला फार तर बारा-तेरा तास जागं. त्यातून अंघोळ, दूध, दोन जेवणं, शी-शू, कपडे आणि थोडं रुसणं-फुगणं वजा करा. हाती काय राहतं? सकाळी दोन-तीन तास आणि संध्याकाळी दीड-दोन तास. बस्स. या दोन तुकड्यांतच मूल खऱ्या अर्थानं काही बघतं. बाकीच्या वेळी आपण त्याला फक्त वाहून नेत असतो.

म्हणून नियम सोपा. दिवसाला एक ठिकाण, तेही सकाळी. दुपारी खोलीवर येऊन झोप. संध्याकाळी एखादी मोकळी जागा, जिथे तिकीट नाही, रांग नाही आणि कंटाळा आला तर लगेच परत फिरता येतं. तीन रात्री, चार दिवस असतील तर जाण्या-येण्याचे दोन दिवस सोडून दोनच ठिकाणं पदरात पडतात. ऐकायला फार कमी वाटतं, मान्य. "एवढे पैसे घालून जायचं आणि दोनच ठिकाणं?" असं घरातलं कुणीतरी म्हणणारच. त्यांना हा हिशेब दाखवा. तिसरं ठिकाण कोंबलं की पैसे वाचत नाहीत. चौथ्या दिवशी ताप आलेलं मूल घेऊन डॉक्टर शोधायची वेळ येते, एवढंच.

कापायचं काय, तेही स्पष्ट सांगते. घारापुरी आधी कापा. गेटवेपासून होडीनं सुमारे तास, तिथून लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, डोक्यावर ऊन, हातातला खाऊ हिसकावणारी माकडं आणि परत तेवढाच प्रवास. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून या बेटाला 'एलिफंटा' नाव दिलं, तो हत्ती तर आता बेटावर नाहीच. तो भायखळ्याला, राणीच्या बागेच्या आवारात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उभा आहे. बागेत गेलात की तो आपोआप भेटतो, त्यासाठी समुद्र ओलांडायला नको.

तारांगणही थोरल्यासाठी ठेवा. गच्च अंधार आणि घुमणारा आवाज. दोन वर्षांचं मूल तिथे हमखास रडतं आणि मग एकाला बाहेर बसावं लागतं. जुन्या याद्यांत अजून तारापोरवाला मत्स्यालय दिसतं. ते बरीच वर्षं बंद आहे, त्याचं आमिष मुलांना दाखवू नका. सिद्धिविनायकाला जायचंच असेल तर मंगळवार टाळून भल्या सकाळी जा आणि मुलाला रांगेत तासभर उभं करू नका. आजी आणि आजोबा दर्शनाला, आई-बाबा आणि मुलं खोलीवर, अशी विभागणी देवालाही चालते.

बालकाला मुंबईत दिसतं काय?

दोन वर्षांच्या मुलाची उंची साधारण आपल्या कमरेच्या खाली येते. घरीच उकिडवे बसून बघा. गर्दीत त्या उंचीवर गुडघे दिसतात, पिशव्या दिसतात, चपला दिसतात. गेटवे ऑफ इंडियाची कमान आपल्याला भव्य वाटते; मुलाला ती दिसतच नाही, कारण तिचं टोक बघायला मान फार मागे न्यावी लागते. त्याला दिसतात तिथली कबुतरं. आणि अर्धा तास तो कबुतरांमागे धावला तर मोठी माणसं चिडतात, "अरे, कबुतरं गावाकडे नाहीत का? तिकडे बघ, समुद्र बघ!"

चिडू नका. ओळखीची गोष्ट अनोळखी जागी दिसली की लहान मूल पहिल्यांदा तिलाच धरतं आणि तिच्या आधारानं मग पुढे बघतं. वर्गातही आपण ज्ञाताकडून अज्ञाताकडे जातो की नाही? कबुतर हे ज्ञात. कबुतर उडून ज्या कठड्यावर बसतं, त्याच्या पलीकडे पाणी असतं. थांबलात तर मूल स्वतःच पाणी दाखवतं.

म्हणून ठिकाणाची निवड करताना प्रश्न असा विचारायचा : इथे मुलाच्या उंचीवर, मुलाच्या ओळखीचं काय आहे?

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचंच घ्या. १८८८ साली पूर्ण झालेली ही इमारत २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. मोठ्यांना कमानी आणि घुमट दिसतात. पण फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ बसलाय. ब्रिटनचं प्रतीक सिंह आणि भारताचं वाघ. भिंतींच्या दगडी नक्षीतही प्राणी-पक्षी कोरलेले आहेत. मुलाला कडेवर घ्या, समोरच्या बाजूला सुरक्षित फुटपाथवर उभे राहा आणि "वाघोबा कुठाय?" एवढंच विचारा. वीस मिनिटं आरामात जातात, तिकीट शून्य. पहिल्या दिवशी संध्याकाळी एवढंच करा. प्रवासाचा शीण असतो, त्यात आणखी काही नको.

त्याच भागात २०२३ पासून विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित डबल डेकर बस धावतात. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर मुलासाठी तीच अख्खी मुंबई! बस कुठे जाते याला महत्त्व नाही. गर्दीची वेळ सोडून बसा, शेवटच्या थांब्यापर्यंत जा आणि परत या. सरकता जिना, लिफ्ट, सिग्नलचा लाल-हिरवा दिवा, ही मुलांची प्रेक्षणीय स्थळं आहेत. आपण त्यांना वाटेतल्या गोष्टी समजतो. सरकत्या जिन्यावर मात्र काळजी घ्या. मूल कडेवर किंवा घट्ट हाताला धरून, कडेला पाय घासू न देता. मऊ रबरी चपला, लोंबणारी ओढणी आणि साडीचा पदर जिन्याच्या फटीत अडकतो. आजीला सवय नसेल तर आग्रह नको, साधा जिना किंवा लिफ्ट बरी.

दुसऱ्या दिवशीचं मुख्य ठिकाण राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. लहान मुलांसाठी मुंबईत याहून सोयीचं ठिकाण मला दिसत नाही. सीएसएमटीहून स्लो लोकलनं मशीद, सँडहर्स्ट रोड आणि तिसरं स्टेशन भायखळा. तिथून चालत जाता येतं. बुधवारी बाग बंद असते, एवढं लक्षात ठेवून दिवस ठरवा. सकाळी उघडतानाच पोहोचा. ऊन चढलं की प्राणी सावलीत जाऊन झोपतात आणि मग मुलाला रिकामा पिंजराच दिसतो. हम्बोल्ट जातीचे पेंग्विन २०१७ पासून इथे बघायला मिळतात. त्यांचं घर थंडगार असतं, त्यामुळे ते शेवटी ठेवा. बाहेरच्या घामातून आत गेल्यावर सगळ्यांनाच बरं वाटतं. फक्त घामानं भिजलेला मुलाचा सदरा आत जाण्याआधी बदला.

सगळे प्राणी दाखवायचेच असा हट्ट नको. हत्ती, पेंग्विन आणि एखादं माकड एवढं पुरे. ही बाग मुळात वनस्पती उद्यान आहे, जुनी मोठी झाडं आहेत. गोरखचिंचेचा जाडजूड बुंधा मुलांना मिठीत घ्यायला लावा; किती जणांनी हात धरले की बुंधा मिठीत येतो? हा थोरल्याचा गणिताचा पाठ आणि धाकट्याचा खेळ, दोन्ही एकदम होतं.

तिसऱ्या दिवशी थोरल्याचं ऐका. त्याला वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आवडेल, तिथे आवारात मोकळं विज्ञान उद्यान आहे, म्हणजे धाकट्यालाही पळायला जागा मिळते. संध्याकाळी गिरगाव चौपाटी. कोरड्या वाळूत बसून वाटी-चमच्यानं खेळू द्या. पाण्यात नको, पावसाळ्यात तर अजिबात नको.

कधी जायचं, कुठे उतरायचं

मे महिन्यात मुंबईचा घाम लहान मुलाला बेजार करतो. घामोळं, चिडचिड, जेवण बंद. शक्य असेल तर दिवाळीच्या सुट्टीत, लक्ष्मीपूजन-भाऊबीज झाल्यावर जा. मे महिन्यातच जायचं असेल तर निदान दुपारी पंखा आणि पाणी नीट असलेली खोली बघा, मग भले एक दिवस कमी करावा लागला तरी चालेल.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होतं, नोव्हेंबर २०२४ पासून हा नियम आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण मग त्याला स्वतंत्र बर्थही मिळत नाही. बर्थ हवा तर पूर्ण भाडं. दोन लहान मुलं असतील आणि रात्रीचा प्रवास असेल तर मी म्हणेन, एक जादा बर्थ घ्याच. एका बर्थवर आई आणि दोन मुलं म्हणजे आईची रात्र गेली, आणि आईची रात्र गेली की दुसरा दिवस सगळ्यांचाच जातो.

एसटीनं जाणार असाल तर महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं भाडं आहे आणि ७५ वर्षांवरच्या आजी-आजोबांना प्रवास मोफत. त्यांच्या वयाचा पुरावा, आधार कार्ड, हाताशी ठेवा. तान्ह्या बाळाला दूध पाजायचं असेल तर मोठ्या बसस्थानकांवर हिरकणी कक्ष असतो. कुलूप दिसलं तर वाहतूक नियंत्रकाकडे किल्ली मागा, संकोच करू नका. ती सोय तुमच्यासाठीच केलेली आहे.

राहण्याचा प्रश्न मात्र नाजूक. आपल्याकडे मुंबईला जायचं म्हणजे कुणातरी नातेवाइकांकडे उतरायचं. काका कल्याणला, मावशी विरारला. पण पाहायचं सगळं तिकडे दक्षिणेला! कल्याण ते सीएसएमटी सुमारे ५४ किलोमीटर, विरार ते चर्चगेट ६०. फास्ट लोकललाही तास-सव्वा तास. शिवाय सकाळी सगळी मुंबई दक्षिणेकडे जाते आणि संध्याकाळी उत्तरेकडे परतते. म्हणजे पाहुणे नेमके त्याच दिशेनं, त्याच वेळी निघतात, कडेवर मूल घेऊन. हे करू नका. एक रात्र मावशीकडे मनसोक्त राहा, तिच्या हातचं खा, मुलांना भावंडांत खेळू द्या. तो दिवस फिरण्याचा धरूच नका. उरलेल्या दोन रात्रींसाठी दादर किंवा सीएसएमटीजवळ साधी, स्वच्छ खोली घ्या. मावशीला वाईट वाटेल. तिला आधीच फोन करून मुलाच्या दुपारच्या झोपेचं कारण सांगा. लहान मुलं वाढवलेल्या बाईला ते चटकन कळतं.

लोकल : चढण्याचा क्रम

लोकल स्टेशनवर थांबते ती काही सेकंदच. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ, या वेळांत लहान मूल घेऊन लोकलमध्ये शिरायचंच नाही. टॅक्सीचे पैसे जातील, जाऊ द्या. रविवारी मेगाब्लॉक असतो, आदल्या दिवशी वेळापत्रक बघा.

मोकळ्या वेळी जाताना सगळे एकाच डब्यात बसा. आई महिला डब्यात आणि बाबा जनरलमध्ये अशी फाटाफूट नको. चढताना आधी एक मोठा माणूस रिकाम्या हातानं चढतो, मग मूल त्याच्या हातात दिलं जातं, मग थोरला, मग आजी, आणि सर्वांत शेवटी दुसरा मोठा माणूस बॅगांसह. उतरताना याच्या उलट नाही, तसंच : आधी एक मोठा उतरतो आणि मूल हातात घेतो. हा क्रम घरी ओसरीच्या पायरीवर दोनदा खेळून बघा. मुलांना मजा येते आणि मोठ्यांच्या अंगवळणी पडतं.

आणि एक गोष्ट घरातून निघण्याआधी ठरवा. गाडी सुटली आणि कुणी मागे राहिलं, तर? गाडीतल्यांनी पुढच्या थांब्यावर उतरून तिथेच थांबायचं, मागे राहिलेल्यांनी पुढच्या गाडीनं तिथे यायचं. चालत्या गाडीमागे कुणी पळायचं नाही आणि चालत्या गाडीतून कुणी उडी मारायची नाही. मोबाइल असला तरी हे तोंडपाठ असलंच पाहिजे, त्या क्षणी फोन पिशवीतून निघत नाही.

बाबागाडी नेऊ नका. स्टेशनचे पूल, उंच-सखल फुटपाथ, गर्दी. शेवटी मूल कडेवर आणि बाबागाडी खांद्यावर अशी वेळ येते. पोटाशी बांधायची कापडी झोळी उत्तम, हात मोकळे राहतात.

"बघतंय कुणीतरी"

हा भाग कृपया दोनदा वाचा, आणि घरातल्या पुरुष मंडळींनाही वाचून दाखवा.

गर्दीत मूल हरवतं ते घरात माणसं कमी असतात म्हणून नाही, पुष्कळ असतात म्हणून. आई-बाबा, आजी-आजोबा, आत्या, काका असे सहा मोठे आणि दोन लहान. आईला वाटतं बाळ आजीकडे आहे, आजीला वाटतं बाबांनी घेतलं, बाबा तिकिटाच्या रांगेत. चौपाटीवर, यात्रेत, लग्नात हेच घडतं. शाळेच्या सहलीत चाळीस मुलं असूनही आपण निभावतो, ते कशामुळे? प्रत्येक गटाला एक नेमलेला शिक्षक असतो आणि चढता-उतरता हजेरी होते.

घरातही तेच करा. प्रत्येक लहान मुलामागे एका वेळी एकच माणूस, नाव घेऊन नेमलेला. "अकरा वाजेपर्यंत बाळ बाबांकडे." त्या वेळात बाबांनी फोटो काढायचे नाहीत, रांगेत उभं राहायचं नाही, फोन उचलायचा नाही. काम बदलायचं असेल तर तोंडानं सांगून बदलायचं, "आता तू घे", आणि समोरच्यानं "घेतलं" म्हणायचं. "घेतलं" ऐकू येत नाही तोवर जबाबदारी पहिल्याचीच. थोरल्या मुलावर धाकट्याची जबाबदारी टाकू नका. सात वर्षांचं मूल हे मूलच असतं.

यात आणखी एक लाभ दडलाय. पाळी लावली नाही तर ती चारही दिवस आईचीच असते, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कागदावर पाळ्या लिहिल्या की आईलाही एक तास समुद्राकडे नुसतं बघत बसता येतं.

आता मुलाची तयारी. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला विचारा, "तुझ्या आईचं नाव काय?" उत्तर येतं, "आई." बाबांचं नाव? "बाबा." त्याचं बरोबरच आहे! पण पोलिसाला त्याचा उपयोग नाही. म्हणून निघण्याआधी महिनाभर खेळता खेळता स्वतःचं पूर्ण नाव, आईचं नाव, गावाचं नाव म्हणून घ्या. टाळ्यांच्या ठेक्यावर म्हटलं की लवकर बसतं. बाहुली हरवते, पोलीस तिला नाव विचारतो, असा खेळ खेळा. मोबाइल नंबर तीन वर्षांच्या मुलाकडून पाठ होईल अशी अपेक्षा नको. तो चिठ्ठीवर लिहून खिशात घाला आणि रोज सकाळी बॉलपेननं दंडाच्या आतल्या बाजूला लिहा, बाहीखाली झाकला जाईल असा. दोन नंबर लिहा, कारण एकाची बॅटरी संपते. सदऱ्यावर बाहेरून नाव लिहू नका, परका माणूस नावानं हाक मारू शकतो. रोज निघताना मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढून ठेवा. घाबरलेल्या माणसाला मुलाच्या सदऱ्याचा रंग आठवत नाही.

तीन-चार वर्षांच्या मुलाला एकच गोष्ट शिकवा : आम्ही दिसेनासे झालो तर जिथे आहेस तिथेच उभा राहा आणि मोठ्यानं हाक मार. शोधत फिरायचं नाही. आपण मोठ्यांनी आलेल्या वाटेनं मागे जायचं, आणि निदान एकानं शेवटच्या जागेवर थांबायचं. लगेच ११२ ला फोन करा. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनीही चोवीस तास असते. ही वाहिनी मुळात १९९६ साली मुंबईतच सुरू झाली. रेल्वेच्या हद्दीत १३९, किंवा समोर दिसेल तो रेल्वे पोलीस. "आधी आपण शोधू, मग सांगू" असं म्हणत पंधरा मिनिटं घालवू नका.

खाणं-पिणं आणि शी-शू

इथे थोडक्यात सांगते, आयांना हे मुळात माझ्यापेक्षा जास्त कळतं. मुंबईतल्या कुठल्याही उडुपी हॉटेलात इडली आणि दहीभात मिळतो, मुलाचं तेवढ्यावर भागतं. घरून मेतकूट, नाचणीसत्त्व, राजगिऱ्याचे लाडू घ्या. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं चार वर्षांखालच्या मुलाला प्रवासात देऊ नका; गाडीच्या धक्क्यानं घशात अडकतात. चौपाटीवरचा बर्फाचा गोळा आणि पाणीपुरी मोठ्यांनी खावी. ओआरएसची पाकिटं जवळ असू द्या, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवायची आणि कालवलेलं पाणी चोवीस तासांनी टाकून द्यायचं.

घरी नीट सांगून शू करणारं मूल नव्या जागी दोन-तीन दिवस कपड्यांत करतं. हे अगदी नेहमीचं आहे, रागावू नका, परत आल्यावर ते आपोआप सुधारतं. चार जादा चड्ड्या, एक जुनं दुपटं, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या कायम हाताच्या पिशवीत. मोठ्या बॅगेत नकोत.

परत आल्यावर : घरी आणि वर्गात

"काय काय पाहिलंस रे मुंबईत?" असं विचारलं की लहान मूल गप्प बसतं किंवा "कबुतर" म्हणतं, आणि मोठे हसतात. प्रश्न चुकीचा असतो. मुलाला वस्तू द्या आणि बोलतं करा. बसचं तिकीट, बागेचं तिकीट, चौपाटीवरचा एक शिंपला, गोरखचिंचेचं पडलेलं पान एका डब्यात जपा. आठवड्यानं डबा उघडा. शिंपला हातात आला की वाळू आठवते, वाळूवरून आजीची चप्पल हरवल्याची गोष्ट निघते आणि तीन शब्दांची वाक्यं पाच शब्दांची होतात. घरात खुर्च्या मांडून लोकल खेळा. "पुढील स्थानक, भायखळा" ही घोषणा मुलं हुबेहूब करतात आणि 'पुढील', 'स्थानक' हे शब्द न शिकवता येतात.

शिक्षक मित्रांनो, बालवाडी-पहिलीत जूनमध्ये आपण हमखास विचारतो, "सुट्टीत सहलीला कुठे गेला होता?" चार हात वर होतात, बाकीचे खाली. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं असतात. ती मुलं ट्रकमधून दोन-दोन जिल्हे ओलांडून आलेली असतात, पण सहलीला गेलो असं ती कशी म्हणतील? म्हणून मी प्रश्न बदलून घेतलाय : "तू कशात बसून कुठे गेलास? वाटेत काय दिसलं?" यात मुंबईला गेलेला बोलतो, मामाच्या गावाला गेलेली बोलते आणि कारखान्यावर गेलेलाही बोलतो. फळ्यावर एसटी, लोकल, ट्रक, बैलगाडी, मोटरसायकल अशी चित्रं काढायची. ज्यानं त्यानं आपापल्या चित्राखाली खडूनं एक रेघ मारायची. मागच्या जूनमध्ये सर्वांत जास्त रेघा ट्रकखाली होत्या. मग त्या दिवशीचा पाठ ट्रकचाच झाला : चाकं किती, हॉर्न कसा वाजतो, आत कोण कोण बसलं होतं आणि रात्री झोप कुठे लागली.